सरकारी की खासगी विद्यापीठ? आधी हिशेब, मग अर्ज

सरकारी म्हणजे स्वस्त पण ढिसाळ, खासगी म्हणजे महाग पण चकाचक, ही वाटणी डोक्यातून काढल्याशिवाय निवड नीट होत नाही. सरकारी विद्यापीठांतही पूर्ण फी घेणारे विनाअनुदानित अभ्यासक्रम असतात. अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ खासगी आहे, पण त्यातल्या शेतीच्या महाविद्यालयाला न्यूयॉर्क राज्याचा पैसा मिळतो आणि त्या राज्यातल्या मुलांना तिथे फी कमी पडते. ब्राझीलमध्ये केंद्र सरकारची विद्यापीठं फुकट आहेत आणि प्रवेशाची खरी मारामारी तिथेच असते. म्हणून विद्यापीठांची तुलना करत बसू नका. तुम्हाला हवा असलेला अभ्यासक्रम दोन्हीकडे कसा चालतो, ते शेजारी शेजारी लिहून काढा.

पदवी देण्याचा अधिकार

हे काम तासाभराचं आहे, पण सगळ्यात आधी करायचं. पदवी कोणाच्या नावाने मिळणार आणि त्या संस्थेला तो अधिकार कोणत्या कायद्याने मिळाला, हे शोधा. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्यानुसार विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांनाच पदवी देता येते. संस्था स्वतःच्या संकेतस्थळावर काय म्हणते याला पुरावा मानू नका. नियामकाच्या यादीत नाव सापडलं पाहिजे. परदेशातल्या संस्थेसाठी ‘वर्ल्ड हायर एज्युकेशन डेटाबेस’ ही युनेस्कोच्या सहकार्याने चालणारी सूची बघा.

यादीत नाव असलं म्हणजे काम संपलं असंही नाही. विद्यापीठाची मान्यता वेगळी, त्यातल्या एकेका अभ्यासक्रमाची वेगळी. कायदा, औषधनिर्माण, वास्तुकला, परिचर्या अशा शाखांत व्यावसायिक परिषदेची मान्यता नसेल तर पदवी हातात असूनही नोंदणी अडते. अभियांत्रिकीत 1989 चा वॉशिंग्टन करार सदस्य देशांमध्ये पदवीची समकक्षता मानतो, पण त्या त्या देशाच्या अधिकृत संस्थेने मूल्यांकन केलेल्या अभ्यासक्रमांपुरतीच. मूल्यांकनाच्या पत्रावर मुदत असते. ती तुमच्या शिक्षणाच्या मधेच संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज केला आहे का, हे विचारा.

नव्या खासगी विद्यापीठात आणखी एक धोका बघायचा. छत्तीसगडने 2002 मध्ये केलेल्या कायद्याखाली शंभरहून जास्त खासगी विद्यापीठं निघाली आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याची मुख्य कलमं रद्द केली. अमेरिकेत कोरिंथियन ही नफ्यासाठी चालणाऱ्या महाविद्यालयांची साखळी 2015 मध्ये बंद पडली आणि हजारो विद्यार्थी अर्ध्यावर लटकले. निदान एक तुकडी पदवी घेऊन बाहेर पडलेली नसेल, तर अशा ठिकाणी जाताना दहादा विचार करा.

फी: पहिल्या वर्षाचा आकडा फसवतो

खासगी विद्यापीठाची छापील फी आणि प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम यांत बरंच अंतर असू शकतं. अमेरिकेत तर 2011 पासून सरकारी मदत घेणाऱ्या महाविद्यालयांना संकेतस्थळावर निव्वळ खर्च, म्हणजे शिष्यवृत्ती वगैरे वजा जाता उरणारी रक्कम, काढायचं साधन ठेवावंच लागतं. ही सवलत खरी असते, फक्त तिचा हिशेब चारही वर्षांचा करायला हवा.

समजा, छापील फी वर्षाला 100 आहे आणि शिष्यवृत्ती 40 ची. घरी हिशेब होतो 60 चोक 240. पण फी दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढते आणि शिष्यवृत्तीची रक्कम मात्र तेवढीच राहते. मग चार वर्षांची फी 100, 108, 116.6 आणि 126 होते आणि खिशातून जातात 60, 68, 76.6 आणि 86. म्हणजे साधारण 291. दुसऱ्या वर्षानंतर गुण घसरून शिष्यवृत्ती गेली तर हाच आकडा 371 वर पोचतो. शिष्यवृत्तीच्या पत्रात म्हणून तीन ओळी शोधा: रक्कम ठरावीक आहे की फीच्या टक्क्यात, टिकवायला किती गुण लागतात, आणि एकदा गेली तर परत मिळते का. मागच्या वर्षी पहिल्या वर्षातल्या किती जणांची शिष्यवृत्ती पुढे चालू राहिली, हेही लेखी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर 371 धरूनच चाला.

सरकारी बाजूची गळती वेगळ्या जागी असते. फी कमी, पण सक्तीच्या विषयाची तुकडी भरली, परीक्षा पुढे ढकलली, निकाल रखडला, की पदवीला वर्ष जास्त लागतं. त्या जादा वर्षाचा खर्च म्हणजे फी, राहणं-जेवणं आणि वर्षभराची न मिळालेली कमाई. ‘आमचे इतके टक्के विद्यार्थी पदवी पूर्ण करतात’ असं वाक्य दिसलं की किती वर्षांत, ते विचारा. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीसाठी सरकारी आकडेवारीत प्रचलित असलेला दर सहा वर्षांत पूर्ण करणाऱ्यांचा असतो. चार वर्षांतला दर वेगळा बघावा लागतो.

वसतिगृह, प्रयोगशाळा, परीक्षा, गणवेश, विकास निधी अशा नावांखाली काय काय घेतात, त्याची यादी कार्यालयातून नको, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या पावत्यांवरून करा.

वर्गात कोण शिकवतं

‘सरासरी वर्ग 48 जणांचा’ हे वाक्य शंभर टक्के खरं असूनही निरुपयोगी असू शकतं. दहा तुकड्या घ्या: एक 300 जणांची, नऊ प्रत्येकी 20 जणांच्या. एकूण 480, भागिले 10, सरासरी 48. पण 480 पैकी 300 जागांवर बसणाऱ्यांना मोठं सभागृहच दिसतं. जागेगणिक सरासरी काढली, म्हणजे 480 पैकी प्रत्येकाला आपला वर्ग किती जणांचा दिसतो ते मोजलं, तर वर्ग 195 चा निघतो. म्हणून सरासरी विचारूच नका. पहिल्या वर्षाच्या सक्तीच्या विषयांचे वर्ग किती मुलांचे आहेत, एवढंच विचारा.

मग विभागाची प्राध्यापकांची यादी आणि चालू सत्राचं वेळापत्रक समोरासमोर ठेवा. यादीत वीस नावं आणि वेळापत्रकात त्यातली सहाच, असं दिसलं तर बाकीचे तास कोण घेतं? मानधनावरचे शिक्षक वाईट शिकवतात असं मुळीच नाही, पण ते दर वर्षी बदलत असतील तर प्रकल्पाला मार्गदर्शन आणि शिफारसपत्र कोणाकडे मागणार? मंजूर पदं रिकामी राहण्याचा आजार सरकारी विभागांत, तर शिक्षक सोडून जाण्याचा खासगीत जास्त बघायला मिळतो. दोन वर्षांपूर्वीची यादी इंटरनेटच्या संग्रहात सापडली तर ताडून पाहा.

इमारत, जिम, जलतरण तलाव यांना माझ्या मते शून्य गुण द्यावेत. ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं आणि प्रयोगशाळेत एका उपकरणावर कितीजण असतात, याला मात्र द्या.

नोकरीचे आकडे

छेद विचारा, म्हणजे टक्केवारी किती जणांतून काढली ते. 200 जणांची तुकडी, त्यातल्या 120 जणांनी नोकरीसाठी नाव नोंदवलं आणि 90 जणांना मिळाली, तर जाहिरातीत 75 टक्के येतात. तुकडीच्या हिशेबाने 45 टक्केच. सर्वांत मोठं पॅकेज एकाला मिळतं, म्हणून ते वगळा. सरासरीऐवजी मध्यक मागा, म्हणजे पगार क्रमाने लावल्यावर बरोबर मधला. तोही तुमच्या शाखेचा हवा, अख्ख्या विद्यापीठाचा नको. पुढे शिकायला गेलेल्यांना छेदातून वगळणं रास्त आहे, पण मग त्यांचा आकडाही वेगळा दिसला पाहिजे.

तारखा

खासगी विद्यापीठांचे प्रवेश बहुधा लवकर सुरू होतात आणि सरकारी याद्या उशिरा लागतात. मधल्या काळात ‘जागा राहणार नाही’ म्हणून डिपॉझिट भरायला लावतात. एका कागदावर तीन तारखा लिहा: खासगीकडे पैसे भरायची शेवटची, सरकारी पहिली यादी लागण्याची, आणि खासगीकडून पूर्ण परतावा मिळण्याची शेवटची. तिसरी तारीख दुसरीच्या आधी येत असेल, तर भरलेलं डिपॉझिट गेलं असं समजूनच भरा किंवा मुदतवाढीची लेखी विनंती करा. ती कधी कधी मिळते. परताव्याचा नियम फोनवर ऐकून थांबू नका, ईमेलवर मागवा. आणि मूळ प्रमाणपत्रं पडताळणीसाठी दाखवा, ठेवून येऊ नका. नियमाने ठेवावीच लागत असतील तर कोणती आणि किती दिली त्याची सही-शिक्क्याची पोच घ्या.