चलानं झाली म्हणून गाडीचा इन्शुरन्स महागतो का? या चुका टाळा

सिग्नल तोडल्याचं नाहीतर स्पीडचं चलान मोबाईलवर आलं की बरेच जण घाबरून विचारतात, आता इन्शुरन्स वाढणार का? आणि दुसरीकडे असेही लोक आहेत ज्यांचं लायसन्स सस्पेंड झालंय तरी रोज गाडी काढतात, कारण काय तर प्रीमियम भरलाय ना. पहिल्यांची भीती गरजेपेक्षा जास्त आहे आणि दुसऱ्यांना भीती वाटायला हवी ती वाटतच नाहीये, म्हणून हे एकदा सविस्तर लिहितोय.

अमेरिकेची माहिती इथे लावू नका

नेटवर शोधलं की जे सापडतं ते बहुतेक अमेरिकेचं असतं. तिकडे तिकीट मिळालं की प्रीमियम काही वर्षं चढा राहतो, आणि दारू पिऊन पकडलं गेलं की टेक्सास, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत एसआर-२२ नावाचं सर्टिफिकेट विमा कंपनीने सरकारकडे भरावं लागतं. तुमचा मुलगा नाहीतर भाचा तिकडे असेल तर त्याला हे लागू, आपल्याला नाही.

आपल्याकडे थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ ला जे दर लागू झाले त्यात १००० सीसीपर्यंतच्या खाजगी कारला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७, अधिक जीएसटी. कंपनी कुठलीही असो, चलान एकही नसो की दहा असोत, दर तोच. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, भाग कंपनी ठरवते, पण तो आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), गाडीचं वय, मॉडेल, शहर आणि तुमचे आधीचे क्लेम यावर. मुंबई-पुण्याची गाडी मोठ्या शहरांच्या झोन ए मध्ये येते म्हणून नाशिक-सोलापूरपेक्षा जरा महाग पडते, त्यात तुमच्या सिग्नल तोडण्याचा संबंध नाही.

मग प्रीमियम चलानाशी जोडणार ही बातमी कुठून आली? जानेवारी २०२१ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयच्या एका गटाने तसा मसुदा मांडला होता. नियम मोडला की पॉइंट, दारू पिऊन चालवलं तर १००, चुकीच्या पार्किंगला १०, आणि पॉइंटप्रमाणे वेगळा प्रीमियम, तोही गाडी कोणीही चालवत असो, मालकाच्या माथी. दिल्लीत आधी करून बघा असं त्यात होतं. तो मसुदा होता, त्याचा स्क्रीनशॉट दाखवून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

खरा फटका लायसन्समधून बसतो

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि पॉलिसीत तो एका ओळीत असतो म्हणून कोणी वाचत नाही. ड्रायव्हर क्लॉज बघा, त्यात लिहिलेलं असतं की चालवणाऱ्याकडे अपघाताच्या वेळी वैध लायसन्स हवं आणि त्याला लायसन्स ठेवायला अपात्र ठरवलेलं नसावं. आता जोडून बघा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्पीडिंग, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू अशा गुन्ह्यांत पोलीस लायसन्स जप्त करून अपात्रतेच्या कारवाईसाठी पुढे पाठवू शकतात. म्हणजे चलानाने प्रीमियम वाढला नाही, पण चलानामुळे लायसन्स समजा तीन महिन्यांसाठी सस्पेंड झालं आणि त्या काळात गाडी ठोकली तर कंपनी क्लेम नाकारायला मोकळी. वर अपात्र असताना गाडी चालवल्याचा दंड १०,००० रुपये आहे तो वेगळाच.

यातच येणाऱ्या नेहमीच्या चुका म्हणजे फक्त बाईकचं लायसन्स आहे आणि कार चालवतोय, मुदत संपून गेलीय आणि लक्षातच नाही, किंवा लर्निंग लायसन्सवर पोरगा एकटाच गाडी घेऊन गेला. लर्निंगवाल्याला पॉलिसी चालते, पण शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा आणि एल बोर्ड हवा, तरच.

आणि समोरचा माणूस जखमी झाला किंवा गेला तर? अशा प्रकरणात कोर्ट बऱ्याचदा कंपनीला सांगतं की आधी त्या कुटुंबाला भरपाई द्या आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करा. त्या कुटुंबाला पैसे मिळालेच पाहिजेत, यात दुमत नाही, पण वसुली तुमच्या घरादारावर येते हे ध्यानात ठेवा. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये स्वर्ण सिंग प्रकरणात असंही सांगितलंय की मालकाने निष्काळजीपणा केला हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. त्यामुळे ड्रायव्हर ठेवताना त्याचं लायसन्स परिवहनच्या साइटवर तपासा, कॉपी ठेवा, आणि दरवर्षी परत बघा.

"टेस्ट झालीच नाही ना, मग काय"

दारूच्या बाबतीत हे वाक्य फार ऐकू येतं. कायद्यात मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ आहे, पण पॉलिसीतला क्लॉज नशेच्या अमलाखाली एवढंच म्हणतो. दिल्लीत इंडिया गेटजवळ २००७ मध्ये एक पोर्शे गाडी ठोकली गेली होती, अल्कोहोलची टेस्ट झाली नव्हती, तरी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने परिस्थितीवरून ड्रायव्हर नशेत होता असं मानून क्लेम नाकारणं योग्य ठरवलं. डॉक्टरने वास येतो एवढं लिहिलं तरी ते पुढे वापरलं जाऊ शकतं. मालकाचा १५ लाखांचा जो पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर असतो तोसुद्धा नशेत लागू होत नाही, म्हणजे मागे राहिलेल्या बायकापोरांच्या हातात काहीच नाही.

चलानं भरायची राहिलीत म्हणून रिन्यूअल लांबवणं

चलानांचे पैसे थकलेत, आधी ते मिटवू मग इन्शुरन्स बघू, असं करत लोक पॉलिसी संपू देतात. दोन्हीचा हिशोब वेगळा आहे. थकलेल्या चलानांमुळे आरटीओतली कामं अडतात, लोक अदालतीत ती मिटवता येतात, पण पॉलिसी एक दिवसही बंद ठेवू नका. विम्याशिवाय पकडलं तर पहिल्यांदा २,००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, परत सापडलात तर ४,०००. आणि मुदत संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल ओन डॅमेजवर मिळणारी सूट, शून्य. समजा तुमचा ओन डॅमेज २०,००० आहे आणि बोनस ५० टक्के, तर तुम्ही १०,००० भरत होता, आता पूर्ण भरा. २०, २५, ३५, ४५ करत परत ५० पर्यंत यायला क्लेमशिवायची पाच वर्षं जातात. चलानाने कधी नसता वाढला एवढा प्रीमियम या आळसाने वाढतो.

मागच्या वर्षी क्लेम घेतला असेल आणि नवीन कंपनीकडे जाताना नाही म्हणून टिक केलं, हेही करू नका, कंपन्या एकमेकींकडे विचारतात आणि मोठा क्लेम असेल तेव्हाच ते बाहेर येतं.

गाडी विकली पण आरसी तुमच्याच नावावर

मग घेणाऱ्याची चलानं तुम्हाला येतात, एवढ्यावर थांबत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर. एजंट करतो म्हणाला, यावर सोडू नका. घेणाऱ्यानेही १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायला कंपनीकडे अर्ज टाकायला हवा, नाहीतर थर्ड पार्टी चालू राहते पण स्वतःच्या गाडीचं नुकसान मागता येत नाही. तुमचा बोनस मात्र तुमचा असतो, तो गाडीबरोबर जात नाही, कंपनीकडून लेटर घ्या, तीन वर्षं वापरता येतं.

पांढऱ्या प्लेटच्या, म्हणजे खाजगी, गाडीने भाडं मारणं, हे तर गावोगाव चालतं. चलान तर होतंच, क्लेमलाही हमखास अडतं.

क्लेम नाकारला तर

नाकारण्याचं कारण लेखी मागा आणि ते पॉलिसीतल्या कुठल्या अटीत बसतं ते विचारा. पीयूसी नव्हती म्हणून क्लेम नाही, असं सांगितलं तर मानू नका, आयआरडीएआयने ऑगस्ट २०२० मध्येच हे कारण चालणार नाही असं स्पष्ट केलंय. जुनी पार्किंगची किंवा सीटबेल्टची चलानं दाखवून कोणी हात वर करत असेल तर स्टँडर्ड पॉलिसीच्या अपवादांत ती कुठेच नाहीत. खाजगी गाडी भाड्याने वापरल्यासारख्या प्रकरणातही सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये नॉन-स्टँडर्ड बेसिसवर, म्हणजे पूर्ण न नाकारता काही भाग कापून, ७५ टक्के द्यायला लावलेत, त्यामुळे पूर्ण नाही म्हटल्यावर गप्प बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, मुंबई आणि पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जायचं.