आबाजींची रायफल आणि घरचं जवस

आबाजींची .३१५ रायफल माझ्या परवान्यावर आली तेव्हा दस्त्याचं लाकूड पार कोरडं पडलं होतं. मूळ ठेवण ली-एनफिल्ड या इंग्रजांच्या लष्करी रायफलीचीच, बोअर (नळीच्या भोकाचं माप) तेवढा वेगळा. आमच्याकडच्या मे महिन्यात लाकूड आकसतं आणि नळी लाकडात धरून ठेवणारा, ट्रिगरभोवतीच्या कड्याचा (ट्रिगर गार्डचा) पुढचा स्क्रू ढिला होतो. नळी जागची हलते, नेम चुकतो. मी उगाच डोळ्यांना दोष देत होतो.

दस्त्याला बाजारातलं पॉलिश आणायला निघालो, तर काका म्हणाले, "तुह्या वावरात जवस हाये नं, मंग तेल इकत काहून आनतं?" लष्करातही दस्त्यांना जवसाचंच तेल लावत.

मॅगझिन, बोल्ट काढले, चेंबर, म्हणजे गोळी बसायची जागा, रिकामं असल्याचं बोट घालून पाहिलं. घाणीचं कच्चं तेल हौसेनं थापलं आणि फसलो: आठवडाभर नुसता चिकचिकाट! टर्पेंटाइननं पुसून परत सुरुवात. आता तळहातानं चार थेंब चोळायचे, अर्ध्या तासानं उरलेलं पुसायचं, दोन-तीन दिवस सुकू द्यायचं. असे पाच हात झाले. शेवटी स्क्रू आवळला.

तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात. मी पाण्यात बुडवतो. उरलेलं तेल बायकोनं चटणीवर घेतलं.