दुःखात देवाच्या दयेची आशा कशी धरायची

आधी देवाशी गोडगोड बोलणं सोडा. त्रास होतोय, कुणी वाईट वागलंय, तर प्रार्थनेत तेच सांगा. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं (प्रार्थनागीतांच्या पुस्तकातलं) स्तोत्र १३ काढा, सुरुवातच 'किती वेळ' अशा तक्रारीने आहे, ते मोठ्याने वाचा आणि त्यात शत्रू येतो तिथे आपलं दुखणं नाव घेऊन बोला, रडू आलं तर रडा. स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी ते बायबलमध्ये आहे, म्हणजे असं बोललेलं देवाला चालतं!

मग बायबलमधल्याच विलापगीत या पुस्तकाचा अध्याय ३ वाचा, यरुशलेम शहर उद्ध्वस्त झाल्यावरचा. वचन २२-२३ म्हणतं दया रोज सकाळी नवी, म्हणून आजच्यापुरतीच मागा.

आणि 'देवाची इच्छा' म्हणत अन्याय सोसत बसू नका, प्लीज, माणसांची मदत घ्या, अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत येशूनेसुद्धा शिष्यांना माझ्यासोबत जागे राहा म्हणून सांगितलं होतं.