पडलेला आंबा, वाकलेली फांदी आणि चेनसॉ : या चुका टाळा

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं आणि पार दापोली-मंडणगडपर्यंत आंबे, माड, पोफळी आडव्या झाल्या. आमच्या गावात चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत, आलं ते तेव्हापासून. मशीन आलं, पण ते चालवायला कोणी शिकवलं नाही.

सगळ्यात घातक चूक होते ती उन्मळलेल्या झाडावर. आंबा मुळासकट पडला की मातीने भरलेला मुळांचा गड्डा उभा राहतो आणि खाली खड्डा होतो. आपण शेंड्याकडून कापत बुंध्यापाशी येतो, वजन कमी होतं आणि गड्डा अचानक मागे खड्ड्यात बसतो. उरलेलं खोड त्याच्याबरोबर उसळून उभं राहतं. त्या खड्ड्यात पोरं खेळायला उतरतात, म्हणून मशीन चालू करण्याआधी खड्ड्यात वाकून बघाच.

खोड दोन टोकांवर टेकून मध्ये लोंबत असेल तर त्याची वरची बाजू दाबलेली असते, खालची ताणलेली. नुसतं वरून कापत गेलात तर मशीनची पट्टी (जिच्यावर साखळी फिरते ती) चिमटते. आधी वरून साधारण एक तृतीयांश कापा, उरलेलं खालून. एकाच बाजूने धरलेल्या फांदीला हेच उलट : आधी खालून थोडा काप, मग वरून. नाहीतर साल बुंध्यापर्यंत सोलत जाते. ताण आडवा असेल तर दाबलेल्या बाजूला उभे राहा, कारण फांदी सुटते ती ताणलेल्या बाजूला. पट्टी अडकलीच तर इंजिन बंद करा आणि पहारीने खोड उचला. चालू मशीन हिसकायचं नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे पट्टीच्या टोकाने कापणं. टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून थेट तोंडावर येतं, हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. दोन्ही हात मुठीवर हवेत, डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वळलेला. खांद्याच्या वर मशीन नेऊ नका. शिडीवर चढून तर नाहीच, कितीही छोटी फांदी असली तरी.

उंच फांदीसाठी लांब दांड्याचा पोल प्रूनर असतो, पण तो धरून फांदीच्या बरोबर खाली उभं राहणारे मी फार पाहिले. बाजूला उभे राहा, दांडा तिरका धरा, बाकीच्यांना 15 मीटर लांब ठेवा. आणि विजेची तार! दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर वीज थेट हातात उतरते. फायबरच्या दांड्यावरही विसंबू नका. फांदी तारेजवळ असेल तर महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्या, दोन दिवस थांबावं लागलं तरी चालेल.

साखळीचं थोडक्यात सांगतो. किनाऱ्यावरच्या माडाच्या सालीत वाळू बसलेली असते, ती धार खाते. जांभ्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, साखळी एकदा घासली की धार गेलीच. भुसा पिठासारखा पडू लागला तर जोर लावू नका, थांबून गोल कानशीने धार लावा, प्रत्येक दाताला सारखेच हात. साखळीचं तेल येतंय का ते बघायला पट्टीचं टोक कोरड्या चिऱ्यापासून (जांभ्याच्या दगडापासून) वीतभर लांब धरून रेस द्या. चिऱ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

हापूसची जाड फांदी कापली असेल तर त्याच दिवशी जखमेला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. उघड्या लाकडात भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी कीड, शिरते.