सेल कल्चर आणि प्रोटीन: या चुका टाळा

प्रयोगशाळेत पेशी वाढवताना (सेल कल्चर) मीडियम, म्हणजे त्यांचं पोषक द्रावण, स्वच्छ आहे, पेशी तळाला छान चिकटल्यात, म्हणजे कल्चर निरोगी, हा समज आधी डोक्यातून काढा. नेहमीचे बॅक्टेरिया वाढले की मीडियम गढूळ होतं, पिवळं पडतं. मायकोप्लाझ्मा, म्हणजे कल्चरमध्ये शिरणारा एक अतिसूक्ष्म जीवाणू, तसं काही दाखवत नाही. त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून भित्तिकेवरच घाव घालणारं पेनिसिलिन त्याचं काही बिघडवू शकत नाही. आणि इतका बारीक नि लवचीक, की ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो.

माझे आठ महिने यात गेले. एका औषधाने पेशी मरतात, हा निकाल चारदा मिळाला, पाचव्यांदा मिळेना. औषध नवं आणलं, सीरमचा लॉट बदलला, दुसऱ्याच्या हातून करून पाहिलं. शेवटी शेजारच्या बाकावरच्या सीनिअर ताई म्हणाल्या, "अगं, डॅपी लावून बघ तरी." डॅपी हा डीएनए निळा चमकवणारा रंग. तो लावल्यावर पेशींची केंद्रकं निळी चमकत होती. पण त्यांच्याभोवती, जिथे काळोख हवा, तिथेही बारीक निळी भुकटी भुरभुरलेली, म्हणजे मायकोप्लाझ्माचा डीएनए. गोठवलेल्या कुपीही तशाच निघाल्या. एका सहकाऱ्याकडून आणलेला फ्लास्क मी न तपासता थेट सगळ्यांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवला होता.

तेव्हापासून नवी लाइन (सतत वाढवता येणाऱ्या एकाच प्रकारच्या पेशी) आली की दोन आठवडे वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये, अँटिबायोटिकशिवाय, आणि मग पीसीआर, म्हणजे मायकोप्लाझ्माचा डीएनए शोधणारी चाचणी. पुढे दर महिन्याला तपासणी. यासाठी वेळ नाही म्हणणाऱ्या नवशिक्यांचा मला खरंच राग येतो. पेन-स्ट्रेप (पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन) ओतून निर्धास्त होणं हा शॉर्टकट नाही, ते नुसतं झाकण आहे.

दुसरी चूक, कुपीवरच्या नावावर विश्वास. १९६६ मध्ये जनुकशास्त्रज्ञ स्टॅनली गार्टलर यांनी दाखवून दिलं, की वेगवेगळ्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या १८ मानवी लाइन्स प्रत्यक्षात हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासूनची एक जुनी लाइन, असाव्यात. एमडीए-एमबी-४३५ ही लाइन वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली. ती निघाली मेलानोमाची (त्वचेच्या एका कर्करोगाची) एम१४ लाइन. एसटीआर प्रोफाइल, म्हणजे डीएनएवरून लाइन ओळखायची चाचणी, प्रयोगाच्या आधी करा, पेपर लिहिताना नव्हे. आणि हूडमध्ये (जंतुरहित काम करायच्या कपाटात) एका वेळी एकच लाइन, मीडियमची बाटलीही तिचीच.

पेशी गोठवताना घाई नको, मिनिटाला साधारण १ अंशाने थंड होऊ द्या. वितळवताना मात्र ३७ अंशांवर झटपट.

पेशी फुगून गोल व्हायच्या आत ट्रिप्सिन (पेशी तळापासून सोडवणारं एन्झाइम) थांबवू नका, आणि ते लावून फोनवरही जाऊ नका.

आता प्रोटीन. शुद्ध केलेलं प्रोटीन एकाच मोठ्या ट्यूबमध्ये गोठवून रोज वितळवलं, की काही दिवसांत तळाशी पांढरट गाळ दिसतो. मी पहिल्याच दिवशी २० मायक्रोलिटरचे भाग करते आणि उरलेला थेंब परत गोठवत नाही. पीएमएसएफ (प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमना रोखणारं रसायन) पाण्यात लवकर निकामी होतं, ते लायसिस बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडायच्या द्रावणात, ऐनवेळी घाला. आणि पेशीचा पडदा अनेक वेळा ओलांडणारं प्रोटीन असेल, तर जेलवर चालवण्याआधी सवयीने ९५ अंशांवर उकळू नका. ते गोळा होऊन जेलच्या वरच्या टोकालाच अडकतं आणि तुम्ही ते शोधणाऱ्या अँटिबॉडीला दोष देत बसता.