पावसाळ्यात अडणारा कॅरम

शनिवारी रात्री जेवणं उरकून आम्ही सहा मित्र कॅरमला बसतो, गेली सात वर्षं. यंदा जुलैत स्ट्रायकर मध्येच थबकायला लागला. सोंगटी भोकाच्या तोंडाशी येऊन थांबायची, आणि दोघांनी तर येणंच सोडलं. मला ते फार लागलं.

आधी पावडर वाढवली. दमट हवेत तिच्या बारीक गुठळ्या झाल्या. मग एकाने ओल्या फडक्याने बोर्ड पुसला. हे अजिबात करू नका, प्लायवूड पाणी पितं.

खरं कारण डोक्यावर टांगलेलं होतं. मे महिन्यात आम्ही जुना पिवळा बल्ब काढून एलईडी लावला होता. शेडखालच्या साध्या बल्बची ऊब बोर्डाचा ७४ सेंटिमीटरचा चौकोन कोरडा ठेवते. एलईडीची ऊब खाली फारशी पोचतच नाही.

६० वॅटचा बल्ब परत टांगला, अर्धा तास आधी पेटवून ठेवला. कोरड्या सुती कापडाने जुनी पावडर झाडली, नवी चिमूटभरच टाकली. बोर्डाला हात लावला तर कोमट लागला. पहिल्याच फोडीत १९ सोंगट्या खळकन चारी कडांना गेल्या.

पुढच्या शनिवारी ते दोघेही आले.