जुने मैदान वाढवावे की नवे स्टेडियम बांधावे? फुटबॉल क्लबने निर्णय कसा घ्यावा

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात स्टॅन्ली पार्क नावाची मोठी बाग आहे. तिच्या एका अंगाला लिव्हरपूल क्लबचे ॲनफिल्ड आणि दुसऱ्या अंगाला एव्हर्टन क्लबचे गुडिसन पार्क. दोन्ही मैदाने एकोणिसाव्या शतकातील, दोन्ही एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांच्या रांगांमध्ये अडकलेली, आणि दोन्ही क्लबांसमोर अनेक वर्षे एकच प्रश्न होता: आहे ते मैदान वाढवावे, की दुसरीकडे नवे बांधावे? लिव्हरपूलने नव्या स्टेडियमचा बेत बरीच वर्षे बाळगला, परवानग्याही मिळवल्या आणि अखेर 2012 मध्ये तो सोडून जुनेच मैदान वाढवायचे ठरवले. एव्हर्टनने गुडिसन सोडले आणि 2025 मध्ये मर्सी नदीकाठच्या ब्रॅम्ली-मूर गोदीत बांधलेल्या नव्या स्टेडियममध्ये प्रवेश केला. माझ्या मते दोन्ही क्लबांचे निर्णय त्यांच्या त्यांच्या जागी बरोबर होते. त्यामुळे क्लबच्या समितीत किंवा समर्थकांच्या संघटनेत बसून असा निर्णय तोलू पाहणाऱ्यांनी याच शहरापासून अभ्यासाला सुरुवात करावी.

बहुतेक क्लब आसनक्षमतेच्या आकड्यापासून विचार सुरू करतात आणि तिथेच चुकतात. पहिले काम म्हणजे मैदानाचा नकाशा हातात घेऊन चारही स्टँडच्या पाठीमागून पायी फिरणे. प्रत्येक बाजूला भिंतीपासून क्लबच्या मालकीची हद्द किती अंतरावर संपते, त्यापलीकडे सार्वजनिक रस्ता आहे, रेल्वे आहे की राहती घरे आहेत, स्टँडची उंची वाढली तर कोणाच्या खिडकीचा उजेड जाईल, आणि एखादी भिंत वा इमारत वारसा म्हणून संरक्षित आहे का, हे एकेक करून लिहून काढावे. गुडिसनमध्ये या फेरीचे उत्तर फार लवकर मिळत असे. तिथे रस्ते आणि घरे स्टँडला इतकी खेटलेली होती की एका कोपऱ्यात दोन स्टँडच्या मधोमध चक्क सेंट ल्यूक चर्च उभे होते. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डमध्ये तीन बाजू वाढल्या, पण दक्षिणेकडच्या स्टँडच्या पाठीमागून रेल्वेमार्ग जात असल्याने ती बाजू ठेंगणीच राहिली. लंडनमध्ये आर्सेनल क्लबच्या हायबरी या जुन्या मैदानाला घरांचा वेढा होता आणि भरीला स्टँड वारसा यादीत असल्याने आर्सेनलला पाडकामही करता येईना.

ॲनफिल्डमध्ये मुख्य स्टँडच्या पाठीमागे जागा निघाली. तिचा इतिहास मात्र समितीतल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. ती जागा काही आपोआप मोकळी झाली नव्हती. वर्षानुवर्षे तिथली घरे विकत घेतली जात होती, त्यांतली अनेक बंद पडून होती, आणि उरलेल्या रहिवाशांना भोवतालची वस्ती डोळ्यांदेखत ओस पडताना पाहावी लागली. म्हणून विस्ताराचा विचार असेल तर तो शेजाऱ्यांना पहिल्या दिवशी उघडपणे सांगावा, भरपाई आणि स्थलांतराची मुदत ठरवावी, आणि निर्णय लांबणार असेल तर घरे घेऊन रिकामी ठेवण्याच्या फंदात पडू नये. खेळाच्या नावावर एखाद्या गल्लीचे आयुष्य टांगणीला लावण्याचा अधिकार कोणत्याही क्लबला नाही.

बाहेरची फेरी झाली की आत यावे आणि सर्वांत वाईट आसनावर बसावे. खालच्या मजल्याच्या शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे बसून जवळच्या सीमारेषेवरचा चेंडू दिसतो का, आणि उंच मारलेला चेंडू वरच्या मजल्याच्या आड किती वेळ जातो, हे पाहावे. वास्तुतज्ज्ञ हीच गोष्ट आकड्यात मांडतात. आपल्या डोळ्यांपासून सीमारेषेकडे जाणारी दृष्टिरेषा पुढच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा किती वरून जाते, ते अंतर मोजतात. 90 मिलिमीटर असेल तर दृश्य चांगले मानतात आणि 60 च्या खाली जाऊ नये असा संकेत आहे. नूतनीकरणाशी याचा थेट संबंध आहे. आहे त्याच उतारावर मागे रांगा वाढवत गेले की हे अंतर कमी होत जाते. ते टिकवायचे तर पायऱ्या अधिक उंच कराव्या लागतात, आणि उतार साधारण 34 अंशांपलीकडे नेणे सुरक्षित समजले जात नाही. म्हणजेच जुन्या स्टँडवर मागे रांगा चढवत जाण्याला भूमितीची मर्यादा असते, आणि ती मर्यादा आली की तो स्टँड पाडून नव्याने बांधणे किंवा त्यावर स्वतंत्र वरचा मजला उभा करणे एवढेच मार्ग उरतात. याच वेळी बाहेर पडण्याचे मार्गही मोजावेत. स्टँड भरलेला असताना सगळे प्रेक्षक साधारण 8 मिनिटांत मोकळ्या मार्गाला लागले पाहिजेत, असा ब्रिटनमधील क्रीडामैदानांच्या सुरक्षेचा दंडक आहे. शेफील्ड शहरातील हिल्सबरो मैदानात 1989 साली चेंगराचेंगरी झाली आणि तिने 97 जणांचा बळी घेतला. त्या देशातील मैदानांचे नियम त्या दुर्घटनेनंतर मुळापासून बदलले. आसने वाढवून जिने तेवढेच ठेवणारा आराखडा समोर आला तर तो तिथेच परत पाठवावा.

यानंतर मागणी तपासावी. मोठ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा सामना तर कुठेही भरतो. आठवड्याच्या मध्यात, पावसाळी संध्याकाळी, तळाच्या संघाविरुद्ध किती तिकिटे जातात आणि हंगामी तिकिटांच्या प्रतीक्षायादीतले किती जण खरोखर पैसे भरायला तयार आहेत, हे पाहावे. डार्लिंग्टन या छोट्या क्लबने 2003 मध्ये 25 हजार आसनांचे स्टेडियम उभारले, पण सामन्यांना येणारे प्रेक्षक काही हजारांतच राहिले. क्लब कर्जबाजारी झाला आणि 2012 मध्ये त्याला ते स्टेडियम सोडावे लागले. रिकाम्या आसनांच्या देखभालीचा, विजेचा आणि विम्याचा खर्च थांबत नाही, हे लहान क्लबांनी विशेष लक्षात ठेवावे.

खर्चाची तुलना करताना कशाला कशाने भागायचे, यावर उत्तर बदलते. ॲनफिल्डच्या मुख्य स्टँडला सुमारे 11 कोटी पौंड लागले आणि साधारण 8,500 आसने वाढली. म्हणजे वाढीव आसनामागे सुमारे 13 हजार पौंड. एव्हर्टनच्या नव्या स्टेडियमचा खर्च 75 कोटी पौंडांच्या घरात धरला आणि त्याला सुमारे 53 हजार आसनांनी भागले, तर आसनामागे 14 हजार पौंड येतात आणि दोन्ही पर्याय जवळपास सारखेच वाटतात. पण गुडिसनची क्षमता 39 हजारांच्या वर होतीच. नव्याने मिळालेली आसने साडेतेरा हजारांच्या आसपास भरतात, आणि त्यांनी भागले तर आकडा 55 हजारांच्या वर जातो. समितीसमोर सादरीकरण करणारा सल्लागार सहसा सोयीचा भागाकार दाखवतो. दोन्ही मागून घ्यावेत. त्याच्या जोडीला वाढीव उत्पन्नाचा तिसरा आकडाही मागावा, कारण साध्या आसनांपेक्षा भोजनगृहे, आदरातिथ्याच्या खोल्या आणि सामन्यांखेरीजचे कार्यक्रम यांतून पैसा अधिक येतो, आणि जुन्या स्टँडच्या पोटात त्यांना जागा करणे कठीण असते. या एका बाबतीत नव्या बांधकामाची बाजू निःसंशय भक्कम आहे. लंडनच्या टॉटनहॅम क्लबने आपल्या नव्या स्टेडियममध्ये फुटबॉलचे हिरवळीचे मैदान सरकवून त्याखालचे कृत्रिम मैदान उघडण्याची सोय केली. अमेरिकन फुटबॉलचे सामने त्यावर होतात.

त्याच टॉटनहॅमची दुसरी बाजूही पाहावी. जुन्या जागेवरच नवे स्टेडियम उभारायचे असल्याने क्लबला 2017-18 चा संपूर्ण हंगाम लंडनमधल्याच वेम्बली स्टेडियममध्ये काढावा लागला. 2018 च्या उन्हाळ्यानंतर परतायचे होते, पण सुरक्षा यंत्रणांचे काम रखडल्याने पहिला सामना एप्रिल 2019 मध्ये झाला. बार्सिलोनाने तर नूतनीकरणच निवडले होते, तरी 2023 च्या उन्हाळ्यात आपले कॅम्प नोऊ मैदान सोडून माँजुइकच्या टेकडीवरील ऑलिम्पिक स्टेडियममध्ये जावे लागले, आणि 2024 अखेर परतण्याचा बेत नोव्हेंबर 2025 पर्यंत लांबला. तेव्हाही पूर्ण क्षमतेने नाही. तेव्हा नूतनीकरण स्वस्त आणि नवे बांधकाम महाग, हे गृहीत सोडून द्यावे. खरा प्रश्न आहे तो काम सुरू असताना संघ कुठे खेळणार, हा.

ॲनफिल्डच्या मुख्य स्टँडचे काम याच कारणासाठी बारकाईने पाहण्याजोगे आहे. डिसेंबर 2014 मध्ये काम सुरू झाले. जुन्या स्टँडला हात न लावता त्याच्या पाठीमागे नव्या वरच्या मजल्याचा पोलादी सांगाडा उभारत नेला. समोर नेहमीप्रमाणे सामने चालू होते आणि प्रेक्षकांच्या डोक्यामागे क्रेन उभ्या होत्या. छपराचा भार पेलणारी 140 मीटर लांबीची, 650 टनांची तुळई जमिनीवर जोडून वर चढवली. हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत जुने छप्पर आणि मागचा भाग उतरवून नवा आणि जुना भाग जोडला, आणि सप्टेंबर 2016 मध्ये स्टँड सुरू झाला. पाठीमागे जागा असेल आणि एका वेळी एकाच बाजूला हात घालण्याचा संयम असेल, तर मला हा मार्ग सर्वांत सुरक्षित वाटतो. क्लबची मिळकत थांबत नाही आणि पहिल्या टप्प्याचा अनुभव पाहून दुसरा टप्पा ठरवता येतो.

अर्थात टप्प्याटप्प्याच्या कामातही धोका असतोच. ॲनफिल्ड रोडकडच्या स्टँडचे काम चालू असताना 2023 मध्ये बांधकाम कंपनीच दिवाळखोरीत गेली. नवा कंत्राटदार नेमून वरचा मजला थोडाथोडा खुला करावा लागला आणि 2024 मध्ये मैदानाची क्षमता 61 हजारांवर पोहोचली. करार करताना कंत्राटदाराची आर्थिक स्थिती, बँकेची हमी आणि तो मध्येच गेला तर कामाचा ताबा कोणाकडे, ही कलमे वकिलाकडून नीट लिहून घ्यावीत.

कर्जाबाबत अधिक सावध राहावे. आर्सेनलने 2006 मध्ये सुमारे 39 कोटी पौंड खर्चून एमिरेट्स स्टेडियम उभे केले आणि पुढची काही वर्षे खेळाडू विकून हप्ते भरले; 2005 नंतर थेट 2014 मध्ये त्यांना चषक मिळाला. एव्हर्टनचे बांधकाम चालू असतानाच्या 2023-24 हंगामात आर्थिक नियमभंगाबद्दल आधी 10 गुण कापले गेले, अपिलानंतर ते 6 झाले, आणि पुढे आणखी 2 गेले. त्या वादात स्टेडियमसाठीच्या कर्जाच्या व्याजाची नोंद कशी करावी, हाही एक मुद्दा होता. म्हणून समितीने एक हिशेब आवर्जून करून घ्यावा: संघ खालच्या श्रेणीत घसरला, दूरचित्रवाणीचे पैसे आटले, तरी हप्ता भरता येईल का? उत्तर नकारार्थी असेल तर आराखडा लहान करावा.

जमीन कोणाच्या नावावर आहे, हे या सगळ्याच्या आधी स्पष्ट हवे. वेस्ट हॅमने 2016 मध्ये आपले जुने मैदान सोडून लंडन ऑलिम्पिकचे स्टेडियम 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले. बांधकामाचे ओझे टळले, पण मूळ स्टेडियम धावमार्गासाठी आखलेले असल्याने प्रेक्षक खेळापासून दूर गेले, आणि भाडेकरूला हवे तसे बदल करण्याची मुभा मालकाइतकी नसते. आपल्याकडे तर क्लब बहुधा भाडेकरू किंवा पाहुणेच असतात. कोल्हापूरचे तालीम संघ ज्या शाहू स्टेडियमवर खेळतात ते त्यांपैकी कोणाही एका संघाचे नाही, आणि मुंबई सिटीचा संघ अंधेरीच्या क्रीडासंकुलातील मैदानावर खेळतो. अशा ठिकाणी नवे की जुने हा वाद घालण्यापूर्वी दीर्घ मुदतीचा लेखी करार, देखभालीची जबाबदारी आणि हंगामातील राखीव तारखा या तीन गोष्टी मिळवाव्यात. दुसऱ्याच्या जमिनीवर आपले पैसे घालायचे तर मुदत संपल्यावर त्या बांधकामाचे काय, हे त्यात आलेच पाहिजे.

या सर्व तपासण्यांनंतर माझा क्रम असा राहील. एका तरी बाजूला जागा निघत असेल, दृष्टिरेषा आणि जिने सुधारता येत असतील, तर जुने मैदान वाढवावे. चारही बाजू बंद असतील तर नवे बांधावे, पण शक्य तितक्या जवळ. आर्सेनलची नवी जागा हायबरीपासून काही मिनिटांच्या अंतरावर होती आणि म्हणून सामन्याच्या दिवशीचे नेहमीचे रस्ते, खानावळी आणि भेटीची ठिकाणे टिकली. एव्हर्टनने शहराच्या हद्दीबाहेर कर्कबीला जाण्याचा प्रयत्न केला होता. तेव्हा अनेक समर्थक विरोधात उभे राहिले आणि 2009 मध्ये सरकारनेही परवानगी नाकारली. गोदीतली जागा शहराच्या आत आहे, मात्र सर्वांत जवळचे सँडहिल्स स्थानकही चालत साधारण पाव तासावर आहे, आणि 50 हजार माणसे एका लहान स्थानकाकडे वळली की काय होते याचे नियोजन स्टेडियमच्या आराखड्याइतकेच महत्त्वाचे ठरते. रेल्वे आणि बससेवेशी बोलणी परवानगीच्या अर्जाआधी व्हावीत. उद्घाटनानंतर ती करून उपयोग नाही.

नव्या जागेचा निर्णय झालाच तर जुन्या मैदानाचे काय करायचे, हेही त्याच बैठकीत ठरवावे. हायबरीत सदनिका झाल्या, संरक्षित दर्शनी भाग राखले गेले आणि खेळपट्टीच्या जागी बाग आली. गुडिसनबाबत वेगळा मार्ग निघाला: आधी तेही पाडण्याचा बेत होता, पण मे 2025 मध्ये क्लबने ते मैदान आपल्या महिला संघाला देण्याचे जाहीर केले आणि आज तिथे महिलांचे सामने होतात.